दोनदा न्हाय म्हणलं की

५ जानेवारी
माझं पुढं काय करायचं ते माझ्याच मोबाईलवर ठरतंय, आन् ते मलाच वाचता येत न्हाय. सकाळपास्नं टुंग टुंग चाललंय. थोरला लिहितोय, धाकटा लिहितोय, मधी थोरली सून. सगळं इंग्रजीत. का, तर थोरलीचं माहेर केरळात, तिला मराठी येत न्हाय. लेक चौथीत गेली की हिची. एवढ्यात म्हैसबी मालकाची भाषा शिकती.
दिवाळीत मोरीत घसरले, मनगट मोडलं, तवापास्नं ह्यांच्या लेखी मी काचेची. प्लास्टर कवाच निघालं. भाकरी थापते. ती बघायला कुणी आलं न्हाय.
थोरल्याला इथनं पुढं थो. लिहिणार आन् धाकट्याला धा. अख्खं नाव लिहावं असं दोघंबी वागत न्हायत.

६ जानेवारी
पाणी आलं. चार दिवसांचं भरून ठेवलं. दुपारी विजयाला हाक मारली. भिंतीपलीकडं राहती, दहावीच्या पोरांचा इंग्रजीचा क्लास घेती. घरात तेलुगू, क्लासात इंग्रजी, माझ्याशी मराठी. तिन्हीत आवाज मोठा.
तिनं सगळं वाचून दाखवलं. धा. म्हणतो आईनं पुण्याला यावं. थो. म्हणतो बंगलोरला यावं, हवा चांगली. थोरली म्हणती कामाला बाई हाय, त्रास न्हाय. सोलापूरच्या ह्या दोन खोल्या रिकाम्या ठेवून काय करायच्या, विकून टाकू, हे दोघांचंबी एकच. बाकी कशात कधी एकमत झालं न्हाय ह्यांचं. लहानपणी एका पेरूवरनं डोकी फोडलीत.
धा.ची बायको स्वाती, तिनं काय लिवलं न्हाय. स्वाती गप असती तवाच जास्त बोलत असती.
"आई कुठं राहणार, असं आईला कुणी विचारलं का गं त्यात?"
विजयानं परत वर-खाली बघितलं. "नाही आज्जी."

८ जानेवारी
आज विचारलं. स्वातीनं, माझं नाव घालून. विजया म्हणली, "तुम्हाला पुण्याला यायचं नाही का, असं विचारतायत."
व्हय. न्हायच यायचं.
'येस' मला लिहिता येतं. इंग्रजी अक्षरं मला खिशांनी शिकवली. शाळांचे गणवेश शिवण्यात जन्म गेला, खिशावर शाळेचं नाव बसवायचं काम माझ्याकडं. वाय, ई, एस, तिन्ही हातातनं गेलीत. विजयाला म्हणलं, जा तू, पोरं खोळंबलीत. माझं मी लिवलं, माझं मी पाठवलं.
लगेच फुलं, फुगे, हात जोडलेले. मनात म्हणलं, बघ, सरळ सांगितलं की माणसं सरळ ऐकतात.

९ जानेवारी
धा.चा फोन. आवाजात साखर.
"आई, फार बरं वाटलं. स्वातीनं खोली रिकामी करायला घेतली सुद्धा."
"कुणासाठी?"
"तुझ्यासाठी की! तूच येस म्हणालीस."
म्हणलं, अरे येस म्हंजे न्हाय. तर म्हणतो मीटिंग हाय, ठेवतो.
विजयाकडं गेले. ती हसून हसून खाली बसली. "आज्जी, इंग्रजीत 'यायचं नाही का'ला येस म्हटलं की येणार. यायचं नसेल तर नो म्हणायचं."
"मग त्यानं विचारलं त्याचं काय?"
"प्रश्न कसा का असेना. आपलं उत्तर आपल्यापुरतं."
हे बरं हाय. आमी समोरच्याच्या बोलण्याला व्हय म्हणतो. ती माणसं आपल्याआपल्यालाच व्हय म्हणतात. म्हणून त्यांच्यात कुणाला कुणाची गरज लागत नसंल.

१० जानेवारी
धा.ला परत फोन. म्हणलं यायचं न्हाय, चूक झाली अक्षराची.
तर म्हणतो, "आई, तू मला एक सांगतेस आणि दादाला दुसरं. काय ते एकदा ग्रुपवर लिही, सगळ्यांसमोर."
खोटं न्हाय ते. धा.ला म्हणले होते बंगलोरला बोलायला कुणी न्हाय. थो.ला म्हणले होते पुण्यात कोंडल्यागत होतं. दोघांनी जुळवून बघितलं असणार. आईच्या कागाळ्या जुळवायला बरा वेळ मिळतो.
"बोलून पाठवते मग, त्या माईकवर."
"बोललेलं नको. तुझं फार लांब असतं, ऐकायला होत नाही. आणि वहिनींना कळत नाही."
ऐकायला होत न्हाय. बरं.

१३ जानेवारी
भोगी. ती भाजी एकटीची करताच येत न्हाय. सगळं घालावं तर पातेलंभर होती, कमी घालावं तर भोगी होत न्हाय. पातेलंभर केली. बाजरीच्या भाकरी, लोणी.
थापताना भिंतीतनं पोरांचा घोष. "नायदर... नॉर! आयदर... ऑर!" देवळातल्या आरतीगत. एक पोरगं दर वेळी उलटं म्हणतंय आन् विजया दर वेळी त्याचा उद्धार करती. "नायदरला ऑर लावू नको रे! दुसऱ्याची बायको आहे ती!"
डबा घेऊन गेले. विचारलं, काय गं हे जोडपं?
"दोन गोष्टी असतात आज्जी, आणि दोन्ही नाहीत. नायदर पहिलीला, नॉर दुसरीला. ना हे, ना ते."
मला लई पटलं. ना पुणं, ना बंगलोर. एका दगडात दोन्ही लेक.
"मला शिकीव हे."
"कशाला?"
"हाणायला."

१४ जानेवारी
संक्रांत. तिळगुळाचे फोटो आले चार घरचे. त्यात एक पुण्याचा, एक बंगलोरचा. फोटोला गोडी कसली. गड्ड्याच्या जत्रेला या म्हणलं होतं दोघांना, लहानपणी पाळण्यातनं उतरत न्हवते. धा.ला सुट्टी न्हाय. थो.ला धूळ सोसत न्हाय आता. हितल्याच धुळीत वाढला.
शेंगाचटणी कुटली दोघांपुरती. डबे भरून ठेवले. कुणी येणारं-जाणारं निघालं तर देईन.

१६ जानेवारी
आज पाठवलं. विजया गड्ड्यावर गेलेली, तिला न दाखवता. चूक व्हायला नको म्हणून 'नॉट' बी घातलं, नायदर बी घातलं, नॉर बी घातलं. 'आय विल नॉट गो नायदर पुणे नॉर बंगलोर.' चांगली तिहेरी शिवण. उसवायची सोय ठेवली न्हाय.
पाच मिनिटांत थो.च्या घरनं व्हिडिओ. नात, निया. डोळे एवढे मोठे. "आजी! यू सेड नो टू टाइम्स! टू नोज मेक अ यस! यू आर कमिंग टू बोथ!"
मागनं थो. हसतोय. थोरली बी हसती, तेवढं कळलं तिला. थो. म्हणतो, "निया बरोबर म्हणते आई. सहा महिने पुणं, सहा महिने आमच्याकडं. बेस्ट."
मी म्हणलं, मस्करी पुरे.
"मस्करी नाही, खरंच बेस्ट आहे."
न कळायला ही काय दूधपिती हायत? कळलं सगळं. पण सोयीचं तेवढं कळलं.

१८ जानेवारी
एक माणूस आला, पांढरा शर्ट, काखेत हेल्मेट. "आजी, दादांनी पाठवलंय, जागा बघायला."
"कुठल्या दादांनी?"
"पुण्याच्या."
बघ म्हणलं. चपला काढून बघ. त्यानं भिंतीवर टकटक केली, मोरी बघितली, नळाला पाणी किती दिवसांनी ते विचारलं. माझी मशीन कोपऱ्यात. म्हणला, "हे भंगार तेवढं निघालं की खोली मोठी दिसेल."
म्हणलं, त्या भंगारात मीबी धरली का?
चहा न पिता गेला. केलाबी न्हवता.

१९ जानेवारी
विजयाला सगळं सांगितलं. कपाळाला हात लावला तिनं. "आज्जी, नायदरमध्येच 'नाही' आहे. वर परत नॉट कशाला घातला? दोन नाही एकमेकांना खातात. राहतं काय? हो."
मी ऐकून घेणार व्हय. म्हणलं, आमच्यात 'न्हाय न्हाय, कुणीच कधीच काहीच दिलं न्हाय' म्हणतात. त्यात एक बी न्हाय दुसऱ्याला खात न्हाय. उलट टिपेवर टीप बसती. दोनदा न्हाय म्हणलं की पक्कं न्हाय.
ती म्हणली, "असं? मग पंगतीत नको नको म्हणतात ते?"
तिनं बरोबर धरलं मला. 
पंगतीत वाढायला मी असायचीच. बाई पानावर हात आडवा धरती, नको नको करती. तोंडाकडं बघायचं न्हाय तवा. हाताकडं बघायचं. बोटं मिटलेली असली तर खरंच नको. बोटं फाकलेली असली तर वरनं सोडायची बुंदी. एकदा नको म्हंजे नको. दोनदा नको म्हंजे वाढ. आन् वाढप्यानं एकदाच विचारून पुढं जायचं न्हाय, पाप लागतं.
तर आमच्यात बी खातात एकमेकांना. ताटावर बसलं की.
विजया डोळे बारीक करून म्हणली, "मग तुमची बोटं कशी आहेत आज्जी?"
म्हणलं, मनगट मोडलेलं हाय. नीट मिटत न्हायत.

२१ जानेवारी
शिकवणी. तिची पोरं गेल्यावर मी बसते पाटावर. मारती न्हाय एवढंच.
नायदर एकटा बी येतो. 'नायदर ऑफ माय सन्स' म्हंजे माझ्या दोन लेकांपैकी एकबी न्हाय. मी पुढं 'हॅव कम' लावलं. दोघं हायत म्हणून. तिनं खोडलं. "हॅज! नायदर एकवचनी."
"दोन लेक हायत की गं."
"असू देत. नायदर म्हटलं की एकवचन."
बसून बघितलं त्याकडं. दोन लेक मोजले आन् भरला एकच, तो बी न आलेला. इंग्रज काय खुळे न्हवते.
आन् एक नियम. नायदर-नॉरला दोन माणसं जोडली, एकीकडं एकटा लेक, दुसरीकडं नातवंडांचा घोळका, तर क्रियापद कुणाचं ऐकणार? मला वाटलं थोरल्याचं, पहिलं नाव त्याचं. विजया म्हणली, "नाही. जे क्रियापदाच्या जवळ, त्याचं."
"मान-पान काय न्हाय?"
"काही नाही. जवळ कोण, एवढंच."
ही माझी भाषा. पन्नास वर्षं एका गल्लीत राहून हेच कळलं. प्लास्टर होतं तवा माझी वेणी कुणी घातली? बंगलोरनं न्हाय. भिंतीपलीकडनं येऊन घालून गेली ही, पोरांना नायदर म्हणायला लावून.

२२ जानेवारी
क्लासाला सुट्टी. दिवसभर भिंत गप. नायदर न्हाय, नॉर न्हाय. रेडिओ लावला, बंद केला. दुपारी मशीनवर बसले, जुन्या पिशव्यांना टीप मारली. लागत न्हवत्या त्या. आवाज पाहिजे होता.

२४ जानेवारी
वाक्य झालं. विजयानं तपासलं, शंभर मार्क म्हणली. 'आय वॉन्ट टू लिव्ह नायदर इन पुणे नॉर इन बंगलोर.' कुटं नॉट न्हाय. एक बी टाका जास्तीचा न्हाय. निया बी दात काढू शकणार न्हाय.
"पाठवू?"
विजया म्हणली, "नक्की ना आज्जी? हे एकदम स्वच्छ आहे. ह्यातनं दुसरा अर्थ निघत नाही."
मला स्वच्छच पाहिजे होतं की.
पाठवलं.

२४, संध्याकाळ
उत्तरं आली. विजयानं वाचली, हळू आवाजात, ही पहिलीच वेळ.
थोरली: दोन हात जोडलेले. थो.: ओके आई, ॲज यू विश. धा.: अंगठा. स्वाती: टेक केअर, एक लाल बदाम. निया: परफेक्ट ग्रामर आजी.
झालं.

२५ जानेवारी
तो हेल्मेटवाला परत येणार न्हाय, धा.नं कळवलं त्याला. जागा माझीच राहिली. मशीन कोपऱ्यातच. जिंकले म्हणायचं.
विजयानं पेढे आणले. म्हणली, "ऐंशीच्या घरात नायदर-नॉर! माझ्या पोरांना तुमचा फोटो दाखवते." तोंडात घातला. खवा कच्चा होता.

२७ जानेवारी
टुंग न्हाय. ग्रुप गप हाय. ठरवायचं काय उरलंच न्हाय तर बोलणार काय. महिनाभर इंग्रजीत का होईना, माझंच नाव चाललं होतं त्यात.
मोबाईल बिघडला का बघायला विजयाला मिस कॉल द्यायला लावला. वाजतोय.

२९ जानेवारी
स्वातीनं रिकामी केलेली ती खोली. धा.च्या पोराला अभ्यासाला दिली म्हणे. धा. बोलता बोलता बोलला, मी विचारलं न्हवतं.
"बरं केलं," म्हणलं.
"तूच म्हणालीस ना आई, नाही म्हणून."
म्हणले. स्वच्छ म्हणले. शंभर मार्कांचं म्हणले. पण पंगतीत वाढपी असा एका नकोवर पुढं जात न्हाय. निदान पानाशी थांबतो. पळी वर धरून म्हणतो, घ्या की, माझ्या हातनं एवढं तरी. मग बाईनं ठरवायचं बोटांचं.
मला जायचं न्हाय. ते न्हायच. हिथं पाय पसरून बसते, कुणाच्या बापाची चोरी न्हाय. पण विचारायला काय झालं होतं परत? इंग्रजीत परत विचारायची रीत नसंल. मराठीत होती की. दोघांना मीच शिकवली होती, वाढायला उभं करून.

३१ जानेवारी
चटणीचे डबे तसेच. कुणी येणारं-जाणारं निघालं न्हाय. एक विजयाला दिला. दुसरा उघडला न्हाय.
विजयानं विचारलं, आज शिकायचं का? आयदर-ऑर राहिलंय. हे किंवा ते.
म्हणलं, मला निवडायला कोण देतंय. राहू दे.
तरी बसले. तिथं निदान कुणीतरी चूक काढतं.

२ फेब्रुवारी
आज बोलून पाठवलं, ग्रुपवर, त्या माईकवर. मराठीत. लांब न्हाय, एका वाक्याचं. ऐकायला होत न्हाय म्हणायची सोय ठेवली न्हाय.
'मी येणार न्हाय म्हणलं, तर तुमाला वाईट वाटलं न्हाय का?'
विजया शेजारी उभी होती. म्हणली, "आज्जी, परत उलटाच प्रश्न केलात. आता येस आलं तर काय समजायचं आणि नो आलं तर काय?"
म्हणून तर केला. येस-नोनं सुटणारच न्हाय तो. तोंड उघडावं लागंल, अख्खं वाक्य करावं लागंल.
ऐकल्याच्या निळ्या खुणा झाल्या. सगळ्यांच्या. अजून कुणी काय न्हाय.
मग खाली आणखी बोलून टाकलं. निया, तू गप बसायचं, ग्रामर न्हाय विचारलं. थोरलीला समजलं न्हाय ते बरंच. थो. पहिला असला तरी लांब हाय, त्यानं थांबायचं. स्वाती, तुझा बदाम नको. अंगठा तर कुणीच दाखवायचा न्हाय, मी दुकानदार न्हाय. क्रियापद जवळच्याचं ऐकतं. पुणं जवळ हाय. धा.नं उत्तर द्यायचं. मराठीत, त्याच्या तोंडानं, आन् त्यानंच.